खांबाशी बोलणारा कासार

या, या, पुढं या मंडळी. मागं भिंतीला टेकून बसलात की झोप लागते, आणि झोपलेल्या माणसाला आजचं आख्यान कळायचं नाही. कारण आजचा विषयच मुळी डोळ्यांचा आहे!

एक साधा प्रश्न विचारते. मोठ्या माणसासमोर उभं राहिलं, की आपली नजर कुठं असावी? खाली, की वर?

'खाली!' — झालं, पहिल्या रांगेनं उत्तर दिलंसुद्धा! मग मला सांगा, शाळेत मास्तर काय म्हणायचे? "खाली बघ! चूक करून वर डोळे करतोस?" आपण खाली बघायचो. की लगेच — "इकडे बघ! मी भिंतीशी बोलतोय का?" वर बघितलं तर उद्धट, खाली बघितलं तर लबाड. पोरानं डोळे ठेवावेत कुठं? खिशात?

आमच्या ओळखीत एक मुलगा आहे. हुशार, सालस. आईनं सांगून ठेवलेलं — बाळा, मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू नये. तो गेला मुलाखतीला. साहेब विलायती. हा आपला साहेबाच्या बुटांकडे बघून उत्तरं देतोय. साहेब म्हणाला, "हा काहीतरी लपवतोय." नोकरी गेली! मित्रांनी समजावलं — अरे, डोळ्यांत बघायचं असतं! पुढच्या ठिकाणी गेला, तिथं साहेब जपानी. म्हातारा, शांत. आणि हा पापणीसुद्धा न लववता टक लावून बसला! साहेबानं चहाचा कप हळूच खाली ठेवला आणि शेजारच्याला विचारलं, "याचं माझ्याशी काही भांडण आहे का?"

हसताय! पण बघा, मुलगा तोच, डोळे तेच, मनात मान तोच. एकाला वाटला चोर, दुसऱ्याला गुंड. मग खरी मर्यादा कशात आहे — नजर खाली घालण्यात, की समोरच्याकडे बघण्यात?

याचं उत्तर मोठमोठ्या ग्रंथांत असेल. मी तुम्हाला एका कासाराच्या घरी घेऊन जाते.

नांदवडी नावाचं गाव. बाजारपेठेच्या तोंडाशी बांगड्यांचं दुकान, दुकानाच्या मागं घर. मालक रंगनाथ कासार. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणे. पोरगेले असताना गादीवर बसले ते म्हातारे होईतो तिथंच. गावातल्या आज्यांना त्यांनी बांगड्या भरल्या, त्यांच्या लेकींना भरल्या, नातींना भरल्या. पण मंडळी, ऐका — एकीचंही तोंड त्यांनी बघितलं नव्हतं!

खोटं नाही सांगत. त्यांच्या वडिलांनी गादीवर बसवताना सांगितलं होतं, "रंगा, परक्या पुरुषानं बाईचा हात धरला तर गाव पेटतं. कासारापुढं मात्र बाई आपण होऊन हात करते, आणि तिचा नवरा शेजारी उभा राहून गप्पा मारतो. का? कासाराची नजर मनगटाच्या वर जात नाही म्हणून. ज्या दिवशी गेली, त्या दिवशी दुकान बंद कर." झालं! अण्णांनी शब्द गाठीला बांधला. मनगटाच्या वर जग आहे हेच विसरले.

त्याचा परिणाम काय? रस्त्यात कुणी बाई भेटली, "काय अण्णा, ओळखलं नाहीत?" की अण्णा जमिनीकडे बघत उभे. बाईला कळायचं. ती हात पुढं करायची. की अण्णा खुलले! "अरे, मधल्या आळीच्या कुलकर्णीणबाई! सव्वादोनचं माप, डाव्या मनगटावर तीळ! कशा आहात?" आणि एकदा तर — काय सांगू — एक बाई आली, तिनं हातमोजे घातले होते थंडीचे. अण्णांनी तिला पाव्हणी समजून गाव कुठलं विचारलं. ती शेजारची गोजाक्का निघाली! गिरणीवाल्याची बायको, रोज सकाळ-संध्याकाळ भेटणारी! ती गोजाक्का आठ दिवस बोलली नाही. गावाला तेवढीच विश्रांती.

अण्णांची बायको पुष्कळ वर्षांपूर्वी गेली. एकच मुलगा, मुकुंद. तो तालुक्याला छापखान्यात कामाला, रोज एस.टी.नं जाऊन-येऊन. आता छापखान्यात यंत्रांचा आवाज एवढा, की तिथं सगळेच बहिरे! कुणी कुणाशी बोलायचं तर हातवारे, नाहीतर ओठांकडे बघायचं. सगळे वैतागलेले. एकच मुलगी तिथं मजेत असायची — पुस्तकं बांधणारी शैला. तिला त्या आवाजाचा काही त्रासच नव्हता. लहानपणी ताप आला, त्यात कान गेले. ओठ बघून बोलणं ओळखायची. स्वतः बोलायची ती थोडं, जाड आवाजात, पण हातांनी मात्र भरभरून बोलायची. तिच्यापाशी उभं राहून मुकुंद आधी कामाचं बोलायला शिकला, मग बिनकामाचं. पुढचं तुम्हाला सांगायला नको. पुढच्या रांगेतल्या काकू हसल्या — त्यांना कळलं!

लग्न झालं. अण्णांनी खळखळ केली नाही. "पोरगी चांगली आहे," म्हणाले. कशावरून? हातांवरून! लग्नात तिचे हात बघितले होते ना. "कष्टाचे हात आहेत. नखं स्वच्छ." संपली परीक्षा!

आता घोळ बघा. शैला वाढली बहिऱ्या मुलांच्या शाळेत, वसतिगृहात. तो एक वेगळा देशच म्हणा. तिथले रिवाज वेगळे, तिथलं सभ्य-असभ्य वेगळं. आपल्याकडे कुणाला बोलवायचं तर हाक मारतो. तिथं हाक कोण ऐकणार? मग तिथं जमिनीवर पाय आपटतात. फरशी थरथरते, पुढचा वळून बघतो. दिवा लावून मालवतात. आणि कुणी बोलत असताना त्याच्यावरची नजर काढून घ्यायची म्हणजे? म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटलं! याहून मोठा अपमान तिथं नाही. हे आमचे तबलजी बघा. मी गाताना हे छताकडे बघत बसले तर समेवर कसे येतील? यांचे अर्धे कान माझ्या डोळ्यांत आहेत. शैलाचे सगळेच कान समोरच्याच्या चेहऱ्यावर होते.

आणि ही मुलगी कुणाच्या घरात पडली? ज्यानं जन्मात कुणा परक्या बाईचा चेहरा बघितला नाही त्याच्या!

पहिल्याच आठवड्यात गोजाक्का हळदीकुंकवाला बोलवायला आली. शैलाला समजेना म्हणून तिनं गोजाक्काच्या तोंडाकडे एकटक बघितलं. गोजाक्का बाहेर येऊन सांगते, "बया! सून आहे का फौजदार! डोळ्याला डोळा लावून बघते! आणि मी वळले तर पाय आपटला माझ्यावर! नव्या सुनेनं! पाय!" अहो, त्या बिचारीनं हाक मारली होती — तुमची कुंकवाची वाटी विसरली म्हणून!

इकडे अण्णांचा रिवाज. सासरा स्वयंपाकघराकडे येताना खाकरतो. आहे ना पद्धत? सुनेनं पदर सावरावा, बाजूला व्हावं, म्हणून. अण्णा दाराशी आले, खाकरले. सून चुलीशी, पाठमोरी. तिला काय पत्ता? अण्णा थांबले. पुन्हा खाकरले. जरा मोठ्यानं. काही नाही. आत जावं तर मर्यादा सुटते, परत फिरावं तर चहा राहतो! खोकतायत, खोकतायत, डोळ्यांत पाणी आलं. पेटीवाले, जरा सूर धरा —

खोकुनि खोकुनि घसा सुकविला, शिव शिव तो म्हातारा,
सून न ऐके, भिंत न बोले, चहा न येइ बिचारा!

शेवटी खोकला ऐकून कोण आलं? गोजाक्का! भिंतीपलीकडून! "अगं बाई, अण्णांना ढास लागली की!" तिनं शैलाला हातवारे करून सांगितलं — सासऱ्याला खोकला आहे, काढा दे. अडुळशाचा. शैलानं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चहाच्या आधी अण्णांसमोर काढ्याची वाटी! कडू जहर! अण्णा काय करतील? सुनेनं मायेनं केलेला काढा नको कसा म्हणणार? गप प्यायले. रोज प्यायले. आणि दुसऱ्या दिवशी दाराशी येऊन पुन्हा खाकरले!

मुकुंदनं सांगून बघितलं हो. "अण्णा, तिच्याकडे बघून बोला, तिला कळेल."

"सुनेच्या तोंडाकडे बघू? लोक काय म्हणतील? आणि न बघता कळतं तिला. मी मोठ्यानं बोलतो."

"मोठ्यानं बोलून काय उपयोग? तिला ऐकूच येत नाही!"

"ते तुला वाटतं. काल मी मोठ्यानं म्हटलं, 'चहा झाला का?' आणि चहा आला!"

अहो, चारचा चहा तो! ती रोज चारला आणायची! पण अण्णांची खात्री पटली. शास्त्र सिद्ध झालं!

तर अण्णा बोलायचे कुणाशी? माजघरात एक लाकडी खांब होता. जुन्या माणसांची रीतच ती. सुनेला थेट बोलायचं नाही, भिंतीला सांगायचं, सुनेनं ऐकायचं. अण्णा रोज संध्याकाळी दुकान आवरून यायचे, सुनेकडे पाठ करायचे, खांबाकडे तोंड करायचे आणि छातीच्या मुळापासून ओरडायचे —

"आज वांगं फार छान झालं होतं हो!"

"थंडी पडलीय म्हणावं! पहाटे उठून अंगण झाडायचं काही नडलेलं नाही!"

"माहेरची आठवण येत असेल तर चार दिवस जाऊन यावं! आमची काळजी करू नये!"

काय गोड बोलणं! कुठल्या सासऱ्यानं सुनेचं एवढं कौतुक केलंय? इथल्या सुनांनी हात वर करा. बघा, एकही नाही! आणि ते सगळं कौतुक गेलं कुठं? खांबाला! त्या गावात त्या खांबाएवढं सुखी कुणी नव्हतं!

आता बायांनो, शैलाच्या जागी उभ्या राहून बघा. तिला शब्द नाही ऐकू येत. तिला काय दिसतं? सासरा घरात येतो. आपल्याकडे पाठ फिरवतो. मानेच्या शिरा फुगतात. कान लाल होतात. मुठी वळतो, आणि जीव खाऊन ओरडतो. रोज! ज्या दिवशी मन लावून वांगं केलं, त्या दिवशी तर जास्तच! तिनं काय समजावं? तिनं समजून घेतलं, की यांना माझं तोंड बघायची इच्छा नाही. एवढा राग आहे, की खांबापुढं ओकतात. मुकुंद म्हणायचा, "अगं, चांगलंच बोलतात ते." तिला वाटायचं, नवरा मन राखायला सांगतोय. डोळ्यांना जे रोज दिसतं, त्याच्यापुढं नवऱ्याचं सांगणं किती टिकणार?

असं वर्ष गेलं. शैलाला दिवस गेले, सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिचे वडील न्यायला आले. सोपानराव. एस.टी.त कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. आवाज असा, की मागच्या बाकावरचा झोपलेला माणूस दचकून तिकीट काढायचा! दुकानातून आत आले ते गर्जना करतच — "रामराम अण्णा! काय, बांगड्या काय म्हणतायत!" काचा खणखणल्या!

आणि आत लेक दिसली, तशी ती गर्जना थांबली. मंडळी, एकदम थांबली. तो धिप्पाड माणूस लेकीसमोर पाटावर बसला, तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि हात उचलले. एक शब्द नाही. हात चालतायत. तिचेही चालतायत.

अण्णा माजघराच्या दाराशी उभे. नजर अर्थातच खाली. पण खाली काय दिसतं? हात! अहो, हात हाच तर त्यांचा प्रांत! जन्मभर हात धरले, दाबले, वळवले, हाताच्या मवाळपणावरून माप सांगितलं — पण हात बोलतात हे त्यांना माहीत नव्हतं. ते बघत राहिले. शैलाचे हात आधी भरभर चालले. मग सावकाश. मग एकदा छातीशी गेले आणि मांडीवर पडले, ते उचललेच नाहीत. हातांचं तेवढं त्यांना कळत होतं. म्हणाले, "सोपानराव, बाहेर या जरा."

दुकानात येऊन विचारलं, "काय म्हणाली?"

सोपानराव लपवणारा माणूस नाही. "अण्णा, न्यायला मी आलोय, पण आणून सोडायला यायचं नाही म्हणतेय. बाळ झालं तरी तिकडंच राहते म्हणाली. मुकुंदाला तालुक्याला खोली बघायला सांगणार आहे."

"का? काय कमी पडलं?"

"तुम्ही वर्षभरात तिच्याशी एक शब्द बोलला नाहीत."

"मी?" अण्णा ताडकन उभे राहिले. "मी बोललो नाही? रोज बोलतो! घसा बसेस्तोवर बोलतो! विचारा —" आणि इकडेतिकडे बघायला लागले. कुणाला विचारणार? साक्षीदार एकच, आणि तो लाकडाचा!

"तुम्ही रोज रागानं ओरडता म्हणते."

"वांगं छान झालं म्हणून ओरडतो!"

सोपानरावांनी कपाळावर हात मारला. "अहो, आणि तिला वाटतंय, तुम्ही शिव्या देताय! तरी पोरगी तुमच्या खोकल्याला रोज काढा करते."

"तो काढा!" अण्णा कळवळून म्हणाले. "सोपानराव, मला खोकला नाही हो!"

हसा, हसा. सोपानरावही हसले. पण अण्णा हसले नाहीत. गादीवर बसले. समोर बांगड्यांच्या माळा टांगलेल्या. सगळ्या गावाचा चुडा भरणारा माणूस, आणि त्याचं स्वतःचं घर रिकामं व्हायची वेळ आली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. म्हणाले, "चला. सांगतो तिला."

आत गेले. शैला बोचकं बांधत होती. अण्णा समोर जाऊन उभे राहिले. खांबासमोर नव्हे, तिच्यासमोर! ती दचकून उठली. आणि अण्णांची नजर? पायाशी! वर जाईना! अहो, उभ्या जन्माची सवय. मान जणू कुणी खिळा ठोकून ठेवलेली. मोठ्या कष्टानं नजर उचलली, मनगटापर्यंत आली आणि थांबली. तिथं त्यांचं शेवटचं स्टेशन!

मागून सोपानरावांचा आवाज आला. अस्सल कंडक्टरचा — "चला, पुढं सरका! पुढं सरका!"

नजर कोपरापर्यंत आली.

"थांबू नका अण्णा, पुढची जागा मोकळी आहे!"

खांदा आला. अण्णांच्या कपाळावर घाम. नजर घसरली, परत मनगट!

"अहो, उलटी गाडी कुठं नेताय! वर! वर!"

पुन्हा कोपर. पुन्हा खांदा. हनुवटी आली. आणि मग, मंडळी — अण्णांनी सुनेचा चेहरा बघितला.

काय होतं त्या चेहऱ्यावर? ती घाबरली होती. एवढंच. आपल्याच घरात, आपल्यालाच घाबरलेली मुलगी. हातांवर हे लिहिलेलं नसतं हो. हातावर मेंदी दिसते, कष्ट दिसतात, वय दिसतं. भीती दिसायला वर बघावं लागतं.

अण्णा बोलायला लागले. ओरडले नाहीत. बोलले, बोलले, मन मोकळं केलं — आणि शैला कपाळाला आठ्या घालून त्यांच्या तोंडाकडे बघतेय. मग तिनं वडिलांकडे बघितलं, ओठांवरून बोट फिरवलं आणि 'नाही' म्हणून मान हलवली.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

सोपानराव अडखळले. कंडक्टर अडखळला, यावरून समजा! "अण्णा, त्याचं असं आहे — ती ओठ बघते ना. तर तुमचे ओठ… दिसत नाहीत."

अरे हो, अण्णांच्या मिशा सांगायच्या राहिल्याच! मंडळी, साधी मिशी नव्हे. झुपकेदार, ओठांवरून उतरून पार हनुवटीच्या सल्ल्याला गेलेली! चहा प्यायले की अर्धा चहा मिशीच प्यायची. गावात पत्ता सांगताना लोक सांगत — देऊळ ओलांडलं की मिशीवाल्याचं दुकान. त्या मिशीमागं ओठ आहेत हे अनुमानानंच ओळखायचं!

सोपानराव म्हणाले, "हरकत नाही. तुम्ही बोला, मी तिला हातांनी सांगतो."

किती सोपी वाट! कुणीही घेतली असती. पण अण्णा म्हणाले, "नको. म्हणजे पुन्हा मधे खांबच आला की! मधे कुणी नको आता." आणि पायांत वहाणा सरकवून बाहेर पडले. जाताना सांगून गेले, "गाडीला वेळ आहे. मी येईतो तिला जाऊ देऊ नका."

कुठं गेले? गेनू न्हाव्याकडे. खुर्चीत बसले. "गेनू, मिशी काढ."

गेनूच्या हातातला वस्तरा थांबला. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसानं मिशी कधी काढायची? घरात मोठं माणूस गेलं तर! गेनूनं टोपी काढली. हळू आवाजात म्हणाला, "अण्णा… कधी झालं?"

"काय कधी झालं?"

"नाही म्हणजे… कोण?"

"गेनू, तू काढ. गाडी जाईल."

"म्हणजे परगावी झालं!" गेनू पुटपुटला. बाकावर पेपर वाचत बसलेला उठला आणि पळाला. आता गावात बातमी कशी पळते हे मी तुम्हाला सांगू? तुम्ही पळवणारेच आहात! अण्णांची मिशी निम्मी होईतो बाजारपेठेला कळलं. आईबाप तर कधीच गेलेत, मग कोण गेलं? कुणी म्हणालं, नाशिकची आत्या. "आत्या तर मागंच गेली!" "मग दुसरी आत्या!" "दुसरी होती कुठं?" "असेल हो, म्हणून तर गेली!" मिशी पूर्ण उतरेतो आत्याचं वय ठरलं, आजार ठरला, शेवटची इच्छासुद्धा ठरली!

अण्णा घराकडे वळले, तर दारात ही गर्दी! गोजाक्का सर्वांत पुढं, पिठलं-भाताचं पातेलं घेऊन. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही ना! अण्णांचं ते तासलेलं, गोरंमोरं, पोरासारखं तोंड बघितलं, आणि तिनं गळाच काढला — "अगं बाई गं! कोण गेलं हो अण्णा! आत्याबाई गं! कशी मायाळू होती गं!"

अण्णा थांबले. गोजाक्काकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा — तोंडाकडे! ती रडायचीच थांबली. आणि अण्णा म्हणाले, "गोजाक्का, कुणी गेलं म्हणून नाही काढली. कुणी जाऊ नये म्हणून काढली."

आणि आत गेले.

आत शैला उभी होती. बोचकं बांधून, चपला घालून. ह्या वेळी नजरेला थांबे लागले नाहीत. अण्णांनी सरळ तिच्याकडे बघितलं. उघड्या ओठांनी, सावकाश, पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. "शैला."

तिनं मान हलवली. दिसलं.

"तुझं काही चुकलं नाही. मला रीत मोडता येईना. मी रोज तुझ्याशी बोलायचो. चांगलंच बोलायचो. पण ते खांबाला सांगायचो."

शैला बघतेय. पापणी लवत नाही. गोजाक्का दारातून बघतेय आणि मनात म्हणतेय, बघा, सासऱ्याकडे कशी टक लावून बघते! अगं वेडे, तो तिचा नमस्कार आहे! आपण पायावर डोकं ठेवतो, ती डोळे समोर ठेवते. त्यांचा एक शब्द खाली सांडू नये, म्हणून!

बाहेर एस.टी.चा भोंगा वाजला. सोपानराव धावत दाराशी आले, लेकीला खूण केली — गाडी आली, चल!

शैलानं वडिलांकडे बघितलं. मग पुन्हा अण्णांकडे. बोचकं खाली ठेवलं. आणि तिच्या त्या जाड, न घासलेल्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खांबाला काय काय सांगितलंत? सगळं सांगा. गाडी जाऊ दे."

आणि सोपानराव कंडक्टर — ज्यानं उभ्या नोकरीत एक उतारू मागं सोडला नव्हता — रस्त्यावर गेला, ड्रायव्हरला हात केला आणि ओरडला, "जाऊ दे! आमचं आज यायचं नाही!"

अण्णा पाटावर बसले, शैला समोर. वांग्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. मुलगी झाली. बाळ सव्वा महिन्याचं झालं, तशी ती परत आली. मुकुंदनं तालुक्याला खोली बघायचं कारणच उरलं नाही. आणि अण्णा? दुकानात बसले. बाई आली, हात पुढं केला, अण्णांची नजर मनगटावर. तशीच, पूर्वीसारखी! तीही मर्यादा खरीच होती. ती त्यांनी सोडली नाही.

आता द्या उत्तर. मान नजर खाली घालण्यात आहे, की वर करण्यात? समोरच्याला जी नजर लागते, ती देण्यात आहे! बांगडी भरणाऱ्या बाईला खाली लागते, शैलाला वर लागते. आणि कुणाला काय लागतं हे आपल्याला कसं कळायचं? तेवढ्यासाठी तरी एकदा त्या माणसाकडे बघायला नको?

तुम्ही हसलात अण्णांना. पण तुमच्या घरात खांब नाही का? नवरा पेपराशी बोलतो, बायको पातेल्याशी बोलते, मुलगा फोनशी बोलतो. "जेवलास का" हे आपण भाकरी फिरवता फिरवता विचारतो, आणि "हो" हे उत्तर पाठीला मिळतं. चांगलंच बोलतो हो आपण सगळे! पण ते पोचतं कुठं? आज घरी गेल्यावर एकदा ज्याच्याशी बोलायचंय त्याच्यासमोर बसा. घरात माणूस आहे तोवर बसा. पुढं माणसाचा फोटो होतो. फोटो मोठा करून लावता येतो, त्याला हार घालता येतो, त्याच्याकडे हवा तेवढा वेळ बघता येतं. तो आपल्याकडे बघत नाही.

चला. आरतीची वेळ झाली. दरवेळी मी बघते — तासभर रांगेत उभे राहता, धक्के खाता, गाभाऱ्यासमोर आलात की डोळे गच्च मिटून घेता! अहो, दर्शनाला आलात ना? मग आज एक करा. टाळ्या वाजवा, नाव घ्या, पण डोळे उघडे ठेवा. तो कधीचा तुमच्याकडे बघत उभा आहे. एकदा तुम्हीही बघा.